खिडक्या बुजवलेला डबा आणि चाकणची मोटार

लोणावळा लोकलने ये-जा करणाऱ्यांनी चिंचवडच्या मालधक्क्यावर एक विचित्र गाडी कधी ना कधी पाहिलेली असते. डबे आपल्या ओळखीचे, प्रवासी गाडीचे. पण खिडक्यांवर पत्रा ठोकलेला, बाजूची दारं कायमची बंद. बघणाऱ्याला वाटतं, मोडीत काढलेले डबे कुठेतरी न्यायला उभे करून ठेवलेत. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. एकदा लोकल सिग्नलला अडकली आणि समोरच्या शेवटच्या डब्याच्या तोंडातून कोऱ्या मोटारी एकामागोमाग एक आत शिरताना दिसल्या. बिळात मुंग्या शिराव्यात तशा शिरतच होत्या. एका डब्यात इतक्या मावणार कुठे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न घरी पोचेपर्यंत डोक्यात राहिला: पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव, रांजणगाव इथे मिळून एवढ्या गाड्या तयार होतात, तर त्यांच्यासाठी लागणारं पोलाद येतं कसं, तयार गाडी जाते कशी, आणि मागे उरलेला पत्र्याचा कचरा कुठे जातो? या सगळ्यात रेल्वेचा वाटा किती?

उत्तर शोधायला लागलं की एक गोष्ट सारखी आडवी येते. रेल्वेचा व्यवहार घाऊक आहे आणि कारखान्याची गरज किरकोळीची. रेल्वे म्हणजे मार्केट यार्डातला अडत्या. त्याच्याकडे जाऊन एक जुडी मेथी मागितली तर तो वर बघणारसुद्धा नाही. त्याला ट्रकभर माल हवा, एकाच जातीचा हवा आणि आजच उचलायला हवा.

मालगाडीच्या जगात या ट्रकभराला ‘रेक’ म्हणतात. रेक म्हणजे एकाच प्रकारच्या वाघिणींची (मालडब्यांची) अख्खी गाडी, एका ठिकाणाहून निघून एका ठिकाणी जाणारी. कंपनी किंवा तिचा वाहतूकदार रेल्वेकडे मागणी नोंदवतो, तिला इंडेंट म्हणतात. रेक धक्क्याला लागला की घड्याळ सुरू. ठरलेल्या तासांत भरला किंवा उतरवला नाही तर दर तासाला दंड, म्हणजे डेमरेज. माल धक्क्यावर पडून राहिला तर त्याचं वेगळं भाडं, व्हार्फेज. रेल्वेच्या बाजूने हे रास्तच आहे, कारण उभी राहिलेली वाघीण म्हणजे बुडालेली कमाई. पण यामुळे झालं काय, की जो माल एकदम, एकसारखा आणि वेळेवर जमा करता येतो तोच रेल्वेच्या वाट्याला येतो. बाकी सगळं टेम्पोकडे. (टेम्पो हा शब्दही बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकीमुळेच आपल्या तोंडी बसला. पुण्यात अजूनही कुठल्याही छोट्या मालगाडीला आपण टेम्पोच म्हणतो.)

आता मोटारीच्या जन्मापासून सुरुवात करू.

पत्र्याची गुंडाळी

मोटारीचं अंग पत्र्याचं असतं आणि पत्रा कारखान्यात कागदाच्या रिळासारखा गुंडाळून येतो. ही कॉइल. एका कॉइलचं वजन 10 टनांपासून 25 टनांपर्यंत असू शकतं. अशी कॉइल रेल्वेसाठी आदर्श गिऱ्हाईक आहे: जड, आटोपशीर, एकसारखी, आणि पोलाद कारखान्यातून हजारो टनांनी निघणारी. तिच्यासाठी खास सपाट वाघिणी आहेत. त्यांच्या तळाला पाळण्यासारखे खोलगट खाचे असतात, त्यात कॉइल आडवी बसते आणि गडगडत नाही. एका वाघिणीत साठ टनांच्या आसपास, म्हणजे तीन-चार कॉइल गेल्या की वजनाची मर्यादा संपली. वाघीण अर्धी रिकामी दिसते, पण ती भरलेली असते. हे लक्षात ठेवा, कारण तयार मोटारीच्या बाबतीत नेमकं उलटं घडतं.

पुण्याच्या गाड्यांना लागणारं पोलाद जमशेदपूर, कर्नाटकातलं बळ्ळारी, आपलं पेणजवळचं डोलवी अशा ठिकाणांहून येऊ शकतं. लांबचा माल रेल्वेने येतो, पण बऱ्याचदा कारखान्याच्या दारापर्यंत नाही. तो पनवेलजवळ कळंबोलीला उतरतो, तिथे लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे, आणि तिथून ट्रेलरवर चढून घाट चढतो. एक्सप्रेस-वेवर साखळदंडांनी बांधलेली कॉइल घेऊन धापा टाकत चढणाऱ्या ट्रेलरमागे आपण सगळेच कधीतरी अडकलोय.

मग रेल्वेच घाट का चढत नाही? चढते, पण तिला महाग पडतं. कर्जत ते लोणावळा हा बोरघाटाचा टप्पा देशातल्या मोठ्या मार्गांवरच्या सर्वांत खड्या चढांपैकी एक आहे: 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. लोखंडी चाक लोखंडी रुळावर जवळजवळ विनाघर्षण पळतं, म्हणून सपाटीवर रेल्वे इतकी स्वस्त. तोच गुळगुळीतपणा चढावर तिच्या मुळावर येतो. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावावी लागतात, त्यांना बँकर म्हणतात. ती लोणावळ्यापर्यंत मागून ढकलतात आणि परत खाली जातात. शिवाय त्याच रुळांवरून मुंबई-पुण्याच्या सगळ्या एक्सप्रेस जायच्या असतात. 1863 साली हा घाटमार्ग सुरू झाला तेव्हा तो चमत्कार होता. आजच्या मालवाहतुकीला तो बाटलीचा गळा आहे.

कॉइल कारखान्याजवळ आली की आधी बहुधा कापणी केंद्रात जाते. तिथे तिचे हव्या त्या मापाचे तुकडे होतात, मग ते प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देतात तिथे. इथून पुढे रेल्वेचं काम संपतं आणि बराच वेळ ती चित्रात दिसत नाही.

कारण मोटार म्हणजे हजारो सुटे भाग, आणि ते भाग घड्याळावर लागतात. असेंब्ली लाइनवर आत्ता लाल गाडी आलीय, तिला काळ्या कापडाच्या सीट हव्यात. पुढच्या पांढरीला राखाडी. सीटवाल्याकडून त्या याच क्रमाने, अगदी थोडा वेळ आधी यायला हव्यात. कंपनी साठा ठेवत नाही. साठा म्हणजे अडकलेला पैसा आणि अडलेली जागा. म्हणून भोसरी, चाकण, रांजणगाव, तळवडे अशा भागांत पुरवठादारांची दाट वस्ती झाली. एक टेम्पो सकाळी चार पुरवठादारांकडे फिरून थोडा थोडा माल उचलतो आणि कारखान्यात टाकतो. त्याला या धंद्यात ‘मिल्क रन’ म्हणतात, दूध गोळा करणाऱ्या गाडीसारखं. पाच-पन्नास किलोमीटरच्या या धावपळीत रेल्वेला शिरकाव नाही. रुळावरच्या गाडीला भरायला, जोडायला, मार्ग मिळवायला जो वेळ जातो त्यात टेम्पो तीन फेऱ्या मारून येतो. तळेगाव-चाकण रस्त्यावर तो अडकला नाही तर, एवढीच अट.

जगात अपवाद आहेत. जर्मनीत ड्रेस्डेन शहरात फोक्सवॅगनच्या कारखान्याला सुटे भाग पुरवायला चक्क ट्राम धावायची, प्रवाशांच्याच रुळांवरून. 2001 ते 2020 अशी जवळपास वीस वर्षं. पण ती शहरात ट्रक नकोत म्हणून केलेली सोय होती. अमेरिकेत गोष्ट वेगळी. तिथे बॉनेट, दारं, छत असे भाग एका शहरात दाबून तयार होतात आणि शेकडो मैल दूर जोडले जातात. त्यासाठी 1960 च्या दशकात रेल्वे कंपन्यांनी 86 फूट लांबीचे उंच बंद डबे काढले. भाग हलके पण जागा खाणारे, म्हणून डबा अवाढव्य. त्याही आधी डेट्रॉइटजवळच्या फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यात आवाराच्या आतच सुमारे 100 मैलांचे रूळ होते. एका बाजूने लोखंडाची माती आत यायची, दुसऱ्या बाजूने मोटार बाहेर पडायची. तिथे रूळ आधी होते आणि मोटार कारखाने त्यांच्या कडेला उगवले. आपल्याकडे पिंपरी-आकुर्डीचे जुने कारखाने रेल्वे आणि जुना मुंबई रस्ता यांच्या आसपास वाढले, पण 1990 नंतरची मोठी वाढ चाकणला झाली, आणि चाकणला रेल्वेच नाही.

हवा वाहून नेण्याचा धंदा

आता तो खिडक्या बुजवलेला डबा. रेल्वेच्या भाषेत त्याचं नाव ‘एनएमजी’. वीस-पंचवीस वर्षं प्रवासी वाहून म्हातारा झालेला डबा. त्यातले बाक, पंखे, संडास काढून टाकतात, खिडक्या-दारं पत्र्याने बंद करतात आणि दोन्ही टोकांना रुंद दारं बसवतात. दोन डब्यांच्या मध्ये लोखंडी पट्टी आडवी टाकली की सगळी गाडी आतून एक लांबलचक बोगदा होते. 25 डबे म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त. धक्क्याच्या टोकाला उतरण असते. पहिली मोटार त्या उतरणीवरून चढून आतल्या आत अख्खी गाडी पार करून पार पलीकडच्या डब्यापर्यंत जाते. मग तिच्यामागे दुसरी, तिसरी. म्हणजे मी त्या दिवशी पाहिलं ते एका डब्यात भरणं नव्हतंच. तो फक्त दरवाजा होता.

आत चालवणाऱ्याचं कसब पाहण्यासारखं. दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर-हातभर जागा, दार पूर्ण उघडत नाही, उजेड कमी. गाडी जागेवर लावायची, गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा, चाकांना ठोकळे आणि पट्टे लावायचे आणि अंग चोरून बाहेर पडायचं. दाराची कड डब्याला घासली तर कोऱ्या गाडीवर ओरखडा, आणि तो ओरखडा शोरूममध्ये कोणाच्या नावावर टाकायचा यावरून पुढे पत्रापत्री.

एका डब्यात पाच-सहा मोटारी, म्हणजे रेकमध्ये सव्वाशेच्या आसपास. रस्त्यावरचा मोठा कार-कॅरिअर सात-आठ मोटारी नेतो. म्हणजे एक रेक सोळा-सतरा ट्रकांचं काम करतो. ऐकायला भारी वाटतं, पण हिशेब जरा वेगळा आहे. छोटी मोटार टनभर वजनाची. सहा मोटारी म्हणजे सहा टन, आणि त्या ज्या डब्यात बसल्यात तो रिकामा डबाच त्याहून कितीतरी जड. कॉइलच्या वाघिणीत वजन संपलं होतं आणि जागा उरली होती. इथे जागा संपते आणि वजन जवळजवळ नसतंच. मोटार म्हणजे पत्र्यात बंद केलेली हवा. तिची वाहतूक म्हणजे मुख्यतः हवा वाहून नेणं.

म्हणून या धंद्यातली सगळी अक्कल हवा कमी करण्यात खर्च होते. पहिला उपाय, मजले चढवणं. अमेरिकेत मोटारींसाठी दोन मजली आणि तीन मजली बंद डबे आहेत. दोन मजलीत मोठ्या गाड्या साधारण 10, तीन मजलीत छोट्या 15. तिथल्या नव्या मोटारींपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रवासात कुठे ना कुठे रेल्वेने जातात. सगळ्यात अचाट प्रयोग 1970 च्या दशकातला. शेवरले वेगा नावाची छोटी मोटार जनरल मोटर्सने चक्क नाकावर उभी करून पाठवली! डब्याची बाजू झडपेसारखी खाली उघडायची, तिच्यावर मोटारी आडव्या बांधायच्या आणि झडप बंद केली की सगळ्या उभ्या. तीन मजली डब्यात 18 मावायच्या तिथे 30 बसल्या. पण मोटार उभी राहिली की तेल सांडतं, बॅटरीतलं पाणी सांडतं. म्हणून इंजिनात अडसर घातला, बॅटरीच्या झाकणांची जागा बदलली, काच पुसायच्या पाण्याची बाटली तिरकी बसवली. वाहतुकीच्या सोयीसाठी मोटारीचं डिझाइन बदललं. ती मोटार बंद झाली आणि ते डबेही गेले, कारण त्यात दुसरी कुठली मोटार बसेना. एकाच मालासाठी शिवलेल्या अंगरख्याचं हे असं होतं.

आपल्याकडे दोन मजली वाघिणी आल्या त्यांच्या एका रेकमध्ये 300 हून अधिक छोट्या मोटारी जातात. अडचण उंचीची. खाली चाकं, वर 25 हजार व्होल्टची तार, मध्ये बोगदे आणि पूल. त्या मापात दोन मजले बसवायचे म्हणजे प्रत्येक मजला बुटका. हॅचबॅक बसते, पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत लोकांना उंच एसयूव्ही आवडायला लागल्या. बुटक्या मजल्यात त्या शिरेनात. मग रेल्वेच्या संशोधन संस्थेने, आरडीएसओने, त्यांच्यासाठी नव्या मापाची वाघीण आखली. ग्राहकाची आवड बदलली की वाघिणीचा आराखडा बदलावा लागतो, हे मला या सगळ्यात फार गमतीचं वाटतं.

दुसरा प्रश्न परतीचा. चिंचवडहून भरलेला रेक गुवाहाटीजवळच्या चांगसारीला गेला. ईशान्य भारतातल्या मोटारींचं ते मोठं उतरण्याचं ठिकाण. तिथून परत काय आणायचं? चहा? मोटारीच्या डब्यात पोती भरणं सोयीचं नाही, आणि कोळसा तर नाहीच. म्हणजे बहुधा रिकामा रेक देशभर ओढत आणायचा. तरीही इतक्या लांबच्या अंतराला रेल्वे परवडते, कारण अडीच हजारांहून जास्त किलोमीटर ट्रक चालवायचा म्हणजे डिझेल, टोल, दोन चालक, नाके आणि रस्त्यातले ओरखडे. पण पुण्याहून नाशिकला किंवा सोलापूरला मोटार पाठवायला रेल्वेचा विचारही कोणी करत नाही. अंतर जितकं लांब तितका चढवण्या-उतरवण्याचा खर्च विरघळतो.

चढवण्या-उतरवण्याचा हा खर्चच चाकणची खरी अडचण आहे. मोटार कारखान्यातून निघाली, ट्रकवर चढली, वीसएक किलोमीटर वाहतुकीतून चिंचवडला आली, उतरली, पुन्हा रेकमध्ये चढली, पोचल्यावर उतरली, परत ट्रकवर चढून शोरूमला. प्रत्येक चढ-उताराला पैसे, माणसं आणि ओरखड्याचा धोका. रेक थेट कारखान्याच्या आवारात आला तर यातला अर्धा व्याप वाचतो. मारुतीने हेच केलं. 2013 मध्ये मोटारींची स्वतःची मालगाडी चालवण्याचा परवाना घेणारी ती देशातली पहिली मोटार कंपनी ठरली. मग मार्च 2024 मध्ये गुजरातमधल्या हांसलपूरला कारखान्याच्या आत रेल्वे साइडिंग, म्हणजे कारखान्यापुरता खास रूळ, सुरू झालं, आणि जून 2025 मध्ये हरियाणातल्या मानेसरला, वर्षाला साडेचार लाख मोटारी पाठवण्याच्या क्षमतेचं. मानेसरला हे जमलं कारण शेजारून नवा रेल्वेमार्ग येत होता.

चाकणच्या नशिबी तो योगही आला होता. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ आराखडा चाकणवरून जात होता. पण नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत ती टिपते, आणि विजेवर धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्या त्या संकेतांना गिळून टाकतात. मार्गाचा फेरविचार करावा लागला. मोटारींची गाडी आकाशगंगेमुळे अडावी, हे पुण्यातच घडू शकतं.

ट्रक आणि बसच्या चॅसीचं, म्हणजे इंजिन-चाकं लावलेल्या सांगाड्याचं, मात्र निराळं. ती स्वतःच चालते, तिला कशाला कोण उचलेल? केबिन नसलेल्या उघड्या चॅसीवर लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला फडकं आणि डोळ्याला गॉगल लावून देशभर जाणारे चालक पिंपरीतल्या लोकांनी लहानपणापासून पाहिलेत. ऊन, पाऊस, ट्रकची धूळ, सगळं छातीवर. मालवाहतुकीच्या खर्चाची तुलना करताना त्या माणसाच्या पाठीचा हिशेब कुठल्याही तक्त्यात नसतो.

कतरण

आता मागे उरलेला पत्रा. कॉइलमधून दाराचा आकार कापला की खिडकीची जागा, कोपरे, कडा वाया जातात. भाकरी थापताना कडा कापत नाहीत, पण शंकरपाळे करताना निघतात तसं. फरक इतकाच की शंकरपाळ्यांच्या कडा पुन्हा लाटता येतात. पत्र्याच्या कडा पुन्हा वितळवाव्या लागतात. मोटारीसाठी आलेल्या पत्र्यातला तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, असा बाजूला पडतो. प्रेसच्या खालून पट्ट्यावरून तो बाहेर येतो, दाबयंत्रात त्याचे चौकोनी गठ्ठे होतात. यालाच कतरण म्हणतात. मशीन शॉपमध्ये लोखंड तासताना निघणारी कुरळी साल म्हणजे टर्निंग, आणि बिडाचा भुगा म्हणजे बोरिंग. टर्निंग तेलकट आणि फुगीर; ट्रक शिगोशिग भरला तरी वजन काही भरत नाही.

भंगारवाल्याला या सगळ्यांचे भाव वेगळे, आणि कतरणीचा भाव चढा. कारण समजून घेण्यासारखं आहे. कतरण कुठल्या पोलादाची आहे हे माहीत असतं आणि तिच्यात दुसरं काही मिसळलेलं नसतं. जुनी मोटार ठेचून जे भंगार मिळतं त्यात वायरी आणि मोटरीतलं तांबं मिसळतं. भट्टीत बरीचशी घाण जळून किंवा धातुमळीबरोबर निघून जाते. जस्त तर 907 अंशांलाच उकळून वाफ होतं, आणि पोलाद वितळतं 1500 च्या आसपास. तांबं मात्र निघत नाही. प्राणवायू आधी लोखंडालाच धरतो, तांबं तसंच राहतं. मग ते पोलाद तापवून लाटताना तांबं पृष्ठभागाशी गोळा होतं आणि तिथे चिरा पडतात. अशा पोलादाचा मोटारीला लागणारा गुळगुळीत पातळ पत्रा होत नाही. बांधकामाची सळई मात्र होते, तिला एवढं सोवळं नाही.

म्हणून भंगाराचा प्रवाह सळईकडे वाहतो, आणि महाराष्ट्रात सळई म्हटलं की जालना. तिथल्या विजेच्या भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता काढलेलं लोखंड) वितळवून सळया काढतात. दुसरी वाट कोल्हापूरची. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींना चांगली कतरण लागते. ती वितळवून, कार्बन आणि सिलिकॉन घालून तिचं बीड करतात आणि त्यातून ओतलेले सुटे भाग पुन्हा पुण्याच्या मोटार कंपन्यांकडे येतात. हे चक्र मला आवडतं. बॉनेटच्या कडेची कतरण कोल्हापूरला जाते आणि ब्रेकचा ड्रम होऊन परत येते.

आणि हे सगळं जातं ट्रकने. रेल्वेच्या नकाशावर पुणे आणि जालना जोडलेले आहेत: दौंड, मनमाड, छत्रपती संभाजीनगर, जालना. पण अंतर बघा. रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आत. रुळांवरून वळसा घालून पाचशेच्या घरात. त्यात रेक भरायचा म्हणजे उघड्या वाघिणींचे साडेतीन हजार टन. समजा एका कारखान्यातून दिवसाला 40 टन कतरण निघाली, तर रेक भरायला तीन महिने लागतील. तोवर ती ठेवायची कुठे? पातळ पत्रा पावसाळ्यात गंजतो, वजनाला घट येते, आणि भंगाराचा भाव तर आठवड्याला हलतो. चार कारखान्यांनी मिळून भरावा, तर प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा, माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. आणि भंगाराच्या ठेक्यावरून औद्योगिक पट्ट्यात काय काय चालतं हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. तिथे चार ठेकेदार एका रेकसाठी एकत्र येतील अशी कल्पना करणं म्हणजे भाबडेपणाची कमाल. ट्रक भरला, वजनकाट्यावर गेला, पावती घेतली, रात्री नगर रोडला लागला. सकाळी भट्टीच्या दारात. या साधेपणाशी रेल्वेला स्पर्धा करायची आहे.

अमेरिकेत हे जमतं ते तिथल्या तीन गोष्टींमुळे. मोठ्या प्रेस शॉपच्या आवारात रूळ आहेत, त्यामुळे गठ्ठे थेट उघड्या वाघिणीत पडतात. तिथे एकेक-दोनदोन वाघिणी उचलून दुसऱ्या गाडीला जोडण्याची पद्धत टिकून आहे, अख्खा रेक भरायची सक्ती नाही. आणि तिथलं बहुतांश पोलाद विजेच्या भट्टीत भंगारापासूनच होतं, मोटारीचा पत्राही काही प्रमाणात. म्हणजे कतरण जिथे जाते तिथूनच नवा पत्रा निघू शकतो. आपल्याकडे पत्रा येतो बळ्ळारीहून आणि कतरण जाते जालन्याला. भरलेली वाघीण येते ती रिकामी परत जाते, आणि भंगाराचा ट्रक तिसरीकडेच धावतो.

आपली रेल्वेही एकेकाळी सुट्या वाघिणी घ्यायची. चार पोती, दोन खोकी, एखादी वाघीण, सगळं चालायचं. मग यार्डात तोडजोड करण्यात दिवसच्या दिवस जायचे, माल हरवायचा. म्हणून तो मार्ग बंद होत गेला आणि अख्ख्या रेकचा नियम आला. कोळशाला, सिमेंटला तो फळला. टेम्पोच्या मापाने जगणाऱ्या आपल्या औद्योगिक पट्ट्याला नाही. मला विचाराल तर चाकणला रूळ येण्याइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचं आहे ते पाच-दहा वाघिणींचा माल सन्मानाने घेण्याची सोय होणं. नुसते रूळ आले तर मोटारी जातील, कतरण नाही.

रेल्वे स्वतःही मोठी भंगारवाली आहे. झिजलेले रूळ, मोडकी चाकं, जुने डबे यांचा ती ऑनलाइन लिलाव करते. चिंचवडला मी पाहिलेला तो खिडक्या बुजवलेला डबासुद्धा आणखी काही वर्षं मोटारी नेईल, मग त्याचं तपासणीपत्र संपेल आणि तो यादीत लागेल. घेणारा यार्डात गॅस कटर आणि माणसं घेऊन येतो, डब्याचे ट्रकमध्ये मावतील असे तुकडे करतो, आणि ते रस्त्याने घेऊन जातो.